टर्बाइनच्या तासांचे पैसे कुणी भरायचे?

परवा रात्री साडेदहाला मित्राचा फोन आला. आम्ही दोघं पुण्यात एका वर्गात होतो, आणि गेली वीसेक वर्षं दोघंही इथे ॲरिझोनात. हा माणूस नऊला झोपतो. त्यामुळे साडेदहाला फोन म्हणजे एकतर भारतातून काही बातमी, नाहीतर पैशाचं काम. पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा झाल्या (ऑगस्टमधल्या फिनिक्सच्या हवेबद्दल बोलण्यासारखं काय असतं देव जाणे) आणि मग हळूच, "अरे, तुझी एक सही हवी होती."

सही त्याच्या मुलाच्या कर्जावर. जामीनदार म्हणून. रक्कम १३,००० डॉलर.

मुलगा हेलिकॉप्टर पायलट आहे. त्याचं नाव इथे नको, आपण त्याला पायलटबुवा म्हणू. दोन वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकून एके दिवशी त्याने जाहीर केलं की हे काही आपल्याला जमणार नाही, आपल्याला उडायचंय. घरात रामायण-महाभारत सगळं झालं. शेवटी बापाने घरावर कर्ज काढलं, ८०,००० डॉलरच्या वर खर्च झाला, आणि पोरगं लायसन्स घेऊन, इन्स्ट्रक्टर होऊन त्याच शाळेत शिकवायला लागलं. आज त्याच्या लॉगबुकात ६४० तास आहेत. सगळे पिस्टन इंजिनाच्या हेलिकॉप्टरवरचे. आता शाळेने सुचवलंय की पुढची नोकरी हवी असेल तर टर्बाइनचे तास पाहिजेत. १० तासांचा कोर्स, १३,००० डॉलर.

मी सही करणार नाहीये. का नाही, ते फोनवर धड सांगता आलं नाही, नुसतं "बघतो रे" म्हणून ठेवला. म्हणून हे लिहितोय. तो इथे येऊन वाचतो हे मला ठाऊक आहे.

मी पायलट नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. पण गेली पाच-सहा वर्षं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर हाच एक विषय आहे, आणि पायलटबुवांनी मला एकदा आर-४४ मध्ये डावीकडे बसवून फिरवूनही आणलंय. तेव्हा ऐकीव का होईना, थोडं कळतं.

अमेरिकेत हेलिकॉप्टर शिकणारी बहुतेक पोरं रॉबिन्सनवर शिकतात. फ्रँक रॉबिन्सन नावाच्या इंजिनिअरने कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये बनवलेलं दोन माणसांचं आर-२२ हे १९७९ साली प्रमाणित झालं. हलकं, मोटारीसारखं पिस्टन इंजिन असलेलं, आणि इतरांच्या मानाने स्वस्त. आर-४४ हा त्याचा चार माणसांचा थोरला भाऊ. पण पोटापाण्याची कामं, म्हणजे ग्रँड कॅन्यनवर पर्यटक फिरवणं, मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं पोचवणं, हवाई ॲम्ब्युलन्स, वणव्यावर पाणी टाकणं, ही बहुतेक टर्बाइनवर चालतात. बेल २०६ किंवा एअरबसचं एच-१२५ वगैरे. त्यामुळे "टर्बाइन टाइम" हा शब्द या पोरांच्या तोंडी आपल्याकडच्या पोरांच्या तोंडी "पर्सेंटाइल" असावा तसा असतो.

आता फरक काय? फरक आहे, आणि तो मुख्यतः इंजिन सुरू करताना आहे. जुन्या बेल २०६ मध्ये स्टार्टर दाबला की आधी कॉम्प्रेसर गरगरायला लागतो. त्याचा वेग बारा-पंधरा टक्क्यांवर आला की थ्रॉटल उघडून इंधन सोडायचं. भडका होतो आणि तापमानाचा काटा उसळी मारतो. तेव्हा पायलटची नजर दुसरीकडे कुठेही असता कामा नये. बॅटरी मलूल असेल, मागून वारा येत असेल, इंधन जरा लवकर सोडलं असेल, तर आत पुरेशी हवा नसते आणि काटा नऊशे अंशांच्या पुढे पळतो. अशा वेळी इंधन तोडायचं पण स्टार्टर चालूच ठेवायचा, म्हणजे आतली आग हवेने निवते. हे सगळं दोन-चार सेकंदांत. घाबरून स्टार्टरवरचं बोट काढलंत तर लाखो डॉलरच्या इंजिनाचा आतला भाग वितळून बसतो. याला ते "हॉट स्टार्ट" म्हणतात. पायलटबुवा हे सांगताना जेवायचे थांबतात.

म्हणजे शिकायला हवं, यात वाद नाही. पण गंमत पुढे आहे. एकदा जमीन सोडली की टर्बाइनवालं हेलिकॉप्टर उडवायला सोपं. आर-२२ चा पंखा इतका हलका आहे की इंजिन बंद पडलं तर पायलटने जेमतेम एका सेकंदात डावा हात खाली नेला पाहिजे, नाहीतर पंख्याचा वेग मरतो आणि माणूसही. रॉबिन्सनचे अपघात इतके झाले होते की १९९५ मध्ये एफएएने (म्हणजे इथल्या विमान खात्याने) खास त्या दोन मशीनांसाठी ट्रेनिंगचे वेगळे नियम काढले. उलट बेल २०६ चा पंखा जड, गती धरून ठेवणारा. चूक पोटात घालणारा. तेव्हा ज्या पोराने ६४० तास आर-२२ आणि आर-४४ मध्ये बसून नवशिक्यांच्या चुका सावरल्या, त्याला बेल २०६ शिकायला काय लागतं? सुरू कसं करायचं, यंत्रणा कशा चालतात, वजनाचं आणि वाऱ्याचं गणित कुठे बदलतं, थोडा सराव. चांगला इन्स्ट्रक्टर असेल तर पाचेक तासांचं काम, असं पायलटबुवांचंच मत.

बरं, कायदा काय म्हणतो? कायदा काहीच म्हणत नाही! इथे हेलिकॉप्टरसाठी वेगळं टाइप रेटिंग लागतं ते वजन १२,५०० पौंडांच्या वर गेलं की. बेल २०६ त्याच्या साधारण पाव. कमर्शियल लायसन्स असलेला माणूस कायद्याने उद्या त्यात बसू शकतो. चार्टरचा धंदा करणाऱ्या कंपनीत दिवसा डोळ्यांनी बघून उडवणाऱ्या पायलटला एकूण ५०० तास लागतात. त्यात टर्बाइनचे किती? शून्य.

आणि मुख्य गोष्ट अशी की अशा कंपनीला तिच्या पायलटांना तिच्या मशीनवर, तिच्या पद्धतीने ट्रेनिंग देऊन परीक्षा घ्यावीच लागते. दर वर्षी. म्हणजे पोरगं पदरचे १३,००० डॉलर मोजून आलं काय आणि कोरं आलं काय, कंपनी त्याला श्रीगणेशापासून शिकवणारच. मग ते १३,००० गेले कशात? लॉगबुकातल्या एका रकान्यात शून्याच्या जागी दहा लिहिण्यात.

मग मागतं कोण? विमा कंपनी मागते. नवा पायलट, टर्बाइनचे तास शून्य, म्हणून प्रीमियम जास्त. ठीक आहे, मागू दे. पण प्रीमियम हा धंद्याचा खर्च आहे, जसा इंधनाचा, जसा हँगरच्या भाड्याचा. हॉटेलवाला वेटरला कधी म्हणतो का, की तुला अजून ट्रे धरायची सवय नाही, तेव्हा फुटणाऱ्या कपांचे पैसे तू आत्ताच भरून ठेव? (म्हणतही असतील म्हणा. उगाच उदाहरण दिलं.)

ही पद्धत आली कुठून याचा शोध घेताना जे सापडलं त्याने माझं डोकं जास्त फिरलं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याने हजारो पोरांना हेलिकॉप्टर शिकवलं. लहानशा पिस्टन मशीनवर हात बसवायचा आणि मग थेट ह्युई, म्हणजे टर्बाइन. ती पोरं परत आली ती लॉगबुकात हजार-हजार तास घेऊन. तेलाच्या कंपन्यांना, इस्पितळांना, पर्यटनवाल्यांना तयार टर्बाइन पायलट फुकट मिळाले, सरकारच्या पैशाने घडलेले. पुढची तीसेक वर्षं हा धंदा त्या पिढीच्या जिवावर चालला. पायलट घडवायला पैसे लागतात हेच तो विसरला. ती पिढी म्हातारी होऊन निवृत्त झाली तेव्हा खर्च पुन्हा समोर उभा राहिला, आणि तो उचलायला सगळ्यात दुबळा गडी शोधण्यात आला. बावीस वर्षांचा, आधीच कर्जात असलेला.

जुहूहून बॉम्बे हायला जाणाऱ्या हेलिकॉप्टरांची गोष्टही फार वेगळी नाही. १९८५ मध्ये पवन हंस निघाली ती मुख्यतः ओएनजीसीच्या कामासाठी, आणि तिथेही मोठा भरणा सैन्यातून आलेल्यांचाच. स्वतःच्या पैशाने लायसन्स काढलेल्या पोराला तिथलं दार किती उघडं असतं, ते मुंबईत अशा पोरांच्या आईबापांना विचारा.

पण मधल्या काळात अमेरिकेत एक बरी रीतही होती, ती सांगायला हवी. पोरगं शाळेत इन्स्ट्रक्टर म्हणून हजार तास पूर्ण करायचं. मग कॅन्यनवरच्या किंवा आखातातल्या मोठ्या कंपन्या त्याला घ्यायच्या आणि टर्बाइनवर स्वतःच्या खर्चाने चढवायच्या. हजार तास हीच त्याची भरलेली फी. हे अशक्य असतं, धंदा बुडाला असता, तर ही रीत पडलीच नसती. ती अजून पूर्ण मेलेली नाही. म्हणूनच शाळांच्या "हे घेतल्याशिवाय नोकरी नाही" या सांगण्यावर माझा विश्वास नाही. विकणाराच गरज किती ते सांगतो, तेव्हा खिसा सांभाळावा. २०१० मध्ये रॉबिन्सनचं आर-६६ हे स्वस्तातलं टर्बाइन मशीन आलं. ते घेतलेल्या शाळेला त्याचे हप्ते फेडायला कुणीतरी आत बसवावं लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मित्राचं म्हणणं असं, की बाकीची पोरं भरताहेत, आपला मागे राहील. यावर मी गप्प बसलो होतो, कारण हे खरंच आहे. पण गणपतीच्या मिरवणुकीत पुढचा माणूस टाचा उंचावतो, मग त्याच्या मागचा, मग सगळी गल्ली टाचांवर. दिसतं सगळ्यांना आधी दिसत होतं तेवढंच, फक्त पाय दुखतात. आज दहा तासवाला उठून दिसतो. सगळ्यांकडे दहा झाले की वीस मागतील. आणि मागताहेतच. पायलटबुवांना दुसरीकडूनही एक ऑफर आलीय. एका ऑपरेटरचं हेलिकॉप्टर कामासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचं असतं, रिकामं, प्रवाशांविना. पूर्वी हे काम पायलटला पगार देऊन करवायचे. आता ते तरुणांना "टर्बाइन अवर बिल्डिंग" म्हणून विकतात. तासाला काही शे डॉलर भरा, आमचं मशीन आमच्या कामाला तुम्ही उडवत न्या! मालकाचं हेलिकॉप्टर पोचतं, इंधनाचे पैसे सुटतात, आणि पायलट उलटे आभार मानतो. मी हे तीनदा विचारून घेतलं, मला वाटलं माझं ऐकण्यात चुकतंय.

आणखी एक युक्तिवाद नेहमीचा. डॉक्टर फी भरतो, इंजिनिअर भरतो, मग पायलटने का नाही? भरलीच की! ८०,००० डॉलर भरले ते शिक्षणाचे. लायसन्स मिळालं, शिक्षण झालं. त्यापुढचं मालकाच्या यंत्रावर मालकाचं काम करायला शिकणं, त्याला नोकरीतलं ट्रेनिंग म्हणतात. आपली रेल्वे असिस्टंट लोको पायलटला आधी भरती करते, मग विद्यावेतन देऊन शिकवते. इंजिन कोट्यवधींचंच असतं तेही.

कंपन्यांची एक तक्रार मात्र मला पटते. आम्ही शिकवायचं आणि सहा महिन्यांत पोरगं शेजारच्या कंपनीत उडून जायचं. हे होतं, आणि लहान ऑपरेटर त्यात खरंच मरतो. पण त्याला उपाय आहे, आणि तो सगळ्यांना माहीत आहे. करार करा. दीड-दोन वर्षं थांब, आधी गेलास तर राहिलेल्या महिन्यांच्या हिशेबाने ट्रेनिंगचे पैसे परत कर. यात दोघांचा जीव सारखाच अडकतो. कंपनीने आधी माणूस निवडलेला असतो, नोकरी हातात असते, आणि पैसे बुडायची भीती दोन्हीकडे वाटलेली असते. आगाऊ पैसे भरण्यात सगळी भीती एकाच्याच पदरात.

त्याहून मला खटकतं ते हे. कंपनीच्या पैशाने ट्रेनिंग चालू असेल तर जो माणूस धोकादायक आहे त्याला लवकरात लवकर घरी पाठवण्यात तिचा फायदा असतो. पोराच्या पैशाने चालू असेल तर पोरगं गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाइकाला कोण नापास करतं? त्याला "अजून पाच तास घे" म्हणतात. आणि एवढं देणं डोक्यावर घेऊन पहिल्या नोकरीत शिरलेला पोरगा, समोर ढग खाली आलेत आणि बॉस म्हणतोय जा, तर "नाही जात" म्हणेल का? ग्राउंड क्रूचा एक माणूस त्याला मागे म्हणाला होता की ज्याला हप्ता नाही तोच खरा कॅप्टन. मला ते तेव्हा विनोद वाटलं होतं.

आगाऊ पैशाचं काय होतं याचा मोठा दाखलाही आहे. सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची शाळांची साखळी लास वेगासहून चालायची. जाहिरात करून, हॉटेलांत सभा भरवून पोरं गोळा करायची. फी ७०,००० डॉलरच्या आसपास, बरीचशी कर्जाने, आधीच. फेब्रुवारी २००८ मध्ये एका रविवारी शाळा बंद झाली आणि कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो विद्यार्थी अर्ध्यावर. हेलिकॉप्टर नाही, लायसन्स नाही, कर्ज मात्र जिवंत. पुढे कोर्टकचेऱ्या होऊन काहींची कर्जं कमी झाली, तो भाग निराळा.

आणि हे बदलू शकतं, हेही झालेलं आहे. नव्वदच्या दशकात इथल्या छोट्या एअरलाइन्स नव्या पायलटांकडून त्यांच्याच ट्रेनिंगचे दहाएक हजार डॉलर घ्यायच्या. नोकरीही देणार आणि पैसेही घेणार. तेव्हाही हेच सांगायचे, की खर्च परवडत नाही, सगळेच घेतात. पायलट मिळेनासे झाले तशी ती फी गुपचूप नाहीशी झाली. पुढे २०१३ मध्ये को-पायलटलाही १,५०० तासांची अट आली, तुटवडा वाढला, आणि २०१६-१७ च्या सुमारास त्याच प्रकारच्या एअरलाइन्स सैन्यातल्या हेलिकॉप्टर पायलटांना विमानाचे तास करायला स्वतः पैसे देऊ लागल्या! परवडत नव्हतं ना?

काल पायलटबुवांशी बोललो. ४२ डिग्रीत दोन विद्यार्थ्यांना ऑटोरोटेशन शिकवून आला होता, आवाज बसला होता. म्हणाला, "काका, माझ्याबरोबरच्या एकाने भरलेत पैसे. त्याचे पाचशेच तास आहेत, आणि त्याला इंटरव्ह्यूला बोलावलंय." यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. मी एवढंच विचारलं की हजार व्हायला किती महिने लागतील. म्हणाला, सात-आठ, विद्यार्थी टिकले तर. आणि तुला हे पैसे भरावेत असं स्वतःला वाटतं का? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांनी घर ठेवलंय ना गहाण." म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही. घाई आहे म्हणून भरायचे, की आता आणखी नकोत म्हणून नाही भरायचे.

तर मित्रा, शाळेच्या त्या कागदावर मी सही करत नाही. त्या रिकामं हेलिकॉप्टर पोचवायच्या ऑफरला तर नाहीच नाही. पण हजार तासांनंतर, किंवा त्याआधीही, एखाद्या कंपनीने त्याला नोकरी दिली, टर्बाइनवर स्वतः चढवायचं कबूल केलं, आणि दोन वर्षं थांबशील याची हमी मागितली, तर त्या करारावर जामीन मी राहीन. १३,००० चा असो की ३०,००० चा. तसा कागद आला तर साडेदहाला काय, पहाटे तीनला फोन कर.